परतीची वाट आणि औचित्य : मास्ट्रिख्टच्या डोमिनिकन चर्चमधील ग्रंथविक्रयशाला

देवालयांतून देव गेल्यावर देवालयाचें काय करावें, हा प्रश्न युरोपांतील पुष्कळ गांवांपुढें आज उभा आहे. विशेषतः नेदरलंड्समध्यें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उपासनेला येणारांची संख्या इतकी घटली कीं, शतकानुशतकें गजबजलेलीं मोठमोठीं चर्चें एकामागून एक कुलुपांत पडलीं. तीं पाडावीं, तर गांवाचा चेहरा जातो. तशींच ठेवावीं, तर छप्पर गळूं लागतें आणि दुरुस्तीचा खर्च कोणीं सोसावा याचा वाद सुरू होतो. तेव्हां मधला मार्ग म्हणून त्यांना नवा उपयोग शोधण्यांत येतो. कोठें वाचनालय होतें, कोठें संगीतगृह, कोठें राहण्याचीं घरें. या मार्गाला गेल्या कांहीं दशकांत एका तत्त्वाचा मोठा आधार मिळाला आहे. तें असें कीं, जुन्या वास्तूंत जें नवें घालावयाचें तें अशा बेतानें घालावें कीं, उद्यां तें काढून घेतां यावें आणि वास्तु पूर्ववत् व्हावी. या तत्त्वाला मी येथें 'परतीची वाट राखणें' असें म्हणणार आहें.

हें तत्त्व चांगलें आहे, याविषयीं माझा वाद नाहीं. माझा प्रश्न एवढाच कीं, परतीची वाट राखली म्हणजे पुढें टाकलेलें पाऊल आपोआप योग्य ठरतें काय? हल्लीं या विषयावर जें लिहिलें-बोललें जातें, त्यांत 'हें सारें काढतां येण्याजोगें आहे' एवढें सांगितलें कीं टीकाकाराचें तोंड बंद झालें, अशी समजूत दिसते. ती समजूत कितपत टिकते हें पाहण्यासाठीं, ज्या एका उदाहरणाची सर्वत्र वाहवा होते तेंच घेऊं. वाईट उदाहरण घेऊन तत्त्वाला दोष देणें सोपें असतें. चांगल्या उदाहरणावर घासून पाहिलें म्हणजेच त्याचा खरा कस कळतो.

मास्ट्रिख्ट हें नेदरलंड्सच्या दक्षिण टोकाला मास नदीच्या कांठीं वसलेलें जुनें शहर. तेथील डोमिनिकन साधूंचें चर्च १२९४ मध्यें प्रतिष्ठित झालें. डोमिनिकन संघाला पोपची मान्यता मिळाली ती १२१६ सालीं. त्याचें अधिकृत नांवच मुळीं 'प्रवचनकारांचा संघ' असें आहे. भिक्षेवर राहावें, लोकांत जाऊन प्रवचन करावें आणि प्रवचनाची शिदोरी म्हणून सतत अध्ययन करावें, हें त्या साधूंचें व्रत. मध्ययुगांतील युरोपचा सर्वश्रेष्ठ धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस हा याच संघाचा. तो १२७४ मध्यें वारला, १३२३ मध्यें त्याला संतपद मिळालें, आणि त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनीं, १३३७ मध्यें, मास्ट्रिख्टच्या या चर्चच्या भिंतीवर त्याच्या चरित्रांतील प्रसंग रंगविण्यांत आले. पुढें १६१९ मध्यें कमानदार छतावरहि चित्रें आलीं. हीं दोन्हीं चित्रकामें आज विरळ झालीं आहेत, पण नाहींशीं झालेलीं नाहींत.

१७९४ मध्यें फ्रेंच क्रांतिसेनेनें मास्ट्रिख्ट घेतलें आणि १७९६ मध्यें साधूंचा मठ बंद झाला. तेव्हांपासून या चर्चनें किती वेष पालटले! सैन्याचे घोडे तेथें बांधले गेले. पुढें तें कोठार झालें. नगराच्या नाना गरजांना कामास आलें. आणि अगदीं अलीकडे लोकांच्या सायकली ठेवण्याची जागा झालें. तेव्हां एक गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावयास हवी. पुस्तकांच्या दुकानानें येथून देवाला बाहेर काढलें, असें म्हणतां येणार नाहीं. तो दोनशें वर्षांपूर्वींच गेला होता. दुकानानें बाहेर काढल्या त्या सायकली.

हें दुकान २००६–०७ मध्यें सुरू झालें. तें त्या वेळीं 'सेलेक्सिझ' नांवाच्या डच ग्रंथविक्रेत्यांच्या साखळीचें होतें. अंतर्रचना केली ती आम्स्टरडॅमच्या मेर्क्स-जिरो या संस्थेनें, म्हणजे एव्हेलीन मेर्क्स आणि पात्रिस जिरो यांनीं. त्यांच्यापुढील अडचण साध्या गणिताची होती. दुकानदाराला विक्रीसाठीं सुमारें १,२०० चौरस मीटर जागा हवी होती. चर्चची जमीन भरत होती सुमारें ७५० चौरस मीटर. ही तूट भरून काढण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे मध्यें एक आडवा मजला टाकणें. तसें झालें असतें तर गणित सुटलें असतें, पण वास्तु मेली असती. कारण गॉथिक चर्चची सारी भाषा उंचीची आहे. जमिनीवरून निघालेला खांब नजर न अडतां कमानीपर्यंत जातो व तेथें फांदीप्रमाणें पसरतो, हें एका दृष्टिक्षेपांत दिसणें हाच तिचा अर्थ. मध्यें मजला आला म्हणजे खालीं एक बुटकी वखार उरते आणि वर पाय तोडलेल्या खांबांची ओळ.

रचनाकारांनीं मजला टाकला नाहीं. त्यांनीं एक फडताळ उभें केलें. मात्र तें फडताळ माणसाला आंत शिरून चढतां येईल एवढें मोठें. काळ्या पोलादाचें, जमिनीवरील भाग सोडून वर आणखी दोन मजल्यांचें, आंतून जिने असलेलें, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठीं उद्वाहकाची सोय केलेलें. चर्चच्या भिंतींवर वा खांबांवर त्याचा भार नाहीं. तें स्वतःच्या पायांवर उभें आहे. स्वच्छतागृहें व साठवणीची जागा हीं जमिनीखालीं नेलीं आहेत, म्हणजे वरील पोकळी त्यांनीं खाल्ली नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तें फडताळ मधोमध नसून एका बाजूला आहे. दुसरी बाजू मोकळी. तेथें कंबरेएवढ्या उंचीचीं मेजें आणि बुटक्या मांडण्या. आंत पाऊल टाकणाऱ्याची नजर मध्यदालनांतून सरळ वेदीच्या स्थानापर्यंत जाते. या कामाला २००७ सालचें लेन्सव्हेल्ट पारितोषिक मिळालें, आणि त्यानंतर जगांतील सुंदर पुस्तकालयांची यादी करणारांनीं हें नांव सहसा गाळलेलें नाहीं.

आतां तत्त्वाकडे वळूं. परतीची वाट राखण्याची कल्पना मूळ वास्तुशास्त्रांतील नव्हे. ती चित्रांची डागडुजी करणाऱ्या कारागिरांकडून आली. जुन्या चित्रावर नवें रोगण द्यावयाचें तें असें असावें कीं, पुढच्या पिढींतल्या अधिक जाणत्या हाताला तें मूळ रंगाला धक्का न लावतां उतरवितां यावें. इटालियन पंडित सेझारे ब्रांदी यानें १९६३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या जीर्णोद्धारविषयक ग्रंथांत ही दृष्टि शास्त्ररूपानें मांडली : आजच्या दुरुस्तीनें उद्यांच्या दुरुस्तीची वाट अडवूं नये, उलट ती सुकर करावी. वास्तूंच्या बाबतींत १९६४ च्या व्हेनिस सनदेनें असें सांगितलें कीं, स्मारकाचा समाजोपयोगी विनियोग इष्ट आहे, पण त्यापायीं त्याची मांडणी वा अलंकरण बदलतां कामा नये. आणि जें नवें जोडावयाचें त्यानें आपला काळ लपवूं नये. ऑस्ट्रेलियांत १९७९ मध्यें निघालेल्या आणि पुढें वेळोवेळीं सुधारलेल्या बर्रा सनदेंत, वास्तूचें महत्त्व उणें करणारे बदल परतविण्याजोगे असावेत असें स्पष्टच म्हटलें आहे. आमच्या पिढीच्या इंग्रजी वाचकांना यांत एक ओळखीचा सूर ऐकूं येईल. जुन्या इमारती आमच्या मालकीच्या नाहींत. ज्यांनीं बांधल्या त्यांच्या व जे पुढें येणार त्यांच्या त्या आहेत, असें रस्किननें १८४९ मध्येंच बजावलें होतें, आणि विल्यम मॉरिसनें १८७७ मध्यें प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळी काढली ती याच श्रद्धेनें.

या तत्त्वाची किंमत कळावयास ज्यांनीं तें पाळलें नाहीं त्यांच्याकडे पाहावें. कॉर्डोव्हाच्या प्रसिद्ध मशिदीचें १२३६ मध्यें चर्च झालें. त्यानंतर जवळजवळ तीन शतकें ख्रिस्ती उपासना त्या खांबांच्या अरण्यांत, अरण्याला फारसा धक्का न लावतां, चालूं होती. मग १५२३ मध्यें मधलेच खांब काढून तेथें एक उंच चर्च उभारण्यास आरंभ झाला. तें चर्च वाईट नाहीं. पण त्याच्या जागीं जें होतें तें आतां कोणालाहि परत आणतां येणार नाहीं. असें दृश्य डोळ्यांपुढें असलें म्हणजे मास्ट्रिख्टचें स्वतःच्या पायांवर उभें असलेलें फडताळ पाहून हायसें वाटतें. आपल्याकडे अंगणांत मांडव घालतात, कार्य उरकतें, मांडव उतरतो आणि अंगण अंगणच राहतें. या शालीनतेला मी मनापासून मान देतों.

पण मान देऊन झाल्यावर दोन शंका उरतात. पहिली शंका व्यवहाराची आहे. माणसांनीं रोज वावरण्याजोगी जागा करावयाची म्हणजे वीज हवी, पाणी हवें, थंडीच्या देशांत ऊब हवी, आग लागल्यास बाहेर पडण्याची सोय हवी. नळ आणि तारा कोठून तरी न्याव्याच लागतात, आणि जमिनीखालीं जें खोदलें जातें तें बुजवितां आलें तरी न खोदल्यासारखें होत नाहीं. शिवाय नव्या उपयोगाच्या निमित्तानें भिंती साफ होतात, चित्रें दृढ केलीं जातात, गिलावा दुरुस्त होतो. हीं सारीं कामें आवश्यक असतील, पण त्यांतील पुष्कळशीं एकमार्गीच असतात. तेव्हां 'सारें काढतां येतें' या वाक्यांतील 'सारें' हा शब्द नेहमींच थोडा उदार असतो. ही शंका तत्त्वाला मारक नाहीं. ती फक्त त्याच्या जाहिरातीला लगाम घालते.

दुसरी शंका अधिक खोल आहे, आणि ती मास्ट्रिख्टच्या चर्चमधील एका मेजापाशीं उत्पन्न होते. चर्चच्या ज्या टोकाला पूर्वीं साधु बसून स्तोत्रें गात आणि जेथें मुख्य वेदी असे, त्या अंतर्भागांत आतां उपाहारगृह आहे. तेथें लोक कॉफी पितात, पुस्तकें चाळतात. यांत मला आक्षेपार्ह कांहीं दिसत नाहीं. परंतु त्या उपाहारगृहाच्या मध्यभागीं रचनाकारांनीं जें मोठें मेज ठेविलें आहे, तें क्रुसाच्या आकाराचें आहे.

परतीच्या वाटेची कसोटी या मेजाला लावून पाहा. फडताळ उतरवावयाचें म्हणजे टनांनीं पोलाद, कामगारांचे कितीएक दिवस आणि मोठा खर्च. मेज हलवावयाचें तर चारसहा माणसें आणि एक सकाळ पुरे. म्हणजे त्या तत्त्वाच्या हिशेबानें मेज हें फडताळापेक्षां कितीतरी पटींनीं निर्दोष ठरलें पाहिजे. पण आमची रुचि याच्या नेमकें उलट सांगते. एवढें अवजड फडताळ त्या वास्तूंत खपून जातें, आणि तें हलकें मेज खटकतें. मी ख्रिस्ती नाहीं. क्रुसाचा उपमर्द झाला म्हणून मला खटकतें असें नव्हे. खटकतें तें साहित्याच्या विद्यार्थ्याला. येथें जागेच्या पूर्वायुष्यावर एक कोटी केलेली आहे. फडताळाचा जागेशीं जो संबंध आहे तो रूपकाचा आहे. मेजाचा आहे तो नुसत्या श्लेषाचा. एका शब्दाचे दोन अर्थ होतात एवढ्या भांडवलावर श्लेष हंसवितो, आणि दुसऱ्यांदां ऐकला कीं कंटाळवाणा होतो. क्रूस म्हणजे ज्यांना यातना व उद्धार यांची खूण, त्यांच्या वेदीच्या जागीं तोच आकार पेले ठेवण्याच्या कामीं लावणें हें पाप नसेल, पण विनोद म्हणून तें उथळ आहे. आणि तें मेज उद्यां काढतां येईल, हें त्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. कारण तें आज तेथें आहे, आणि आज येणारा माणूस आजचाच अर्थ घेऊन जातो.

हलक्या वस्तु सर्वांत जड अर्थ वाहूं शकतात, याचें आणखी ठळक उदाहरण इस्तंबूलमध्यें आहे. हागिया सोफिया हें ५३७ मध्यें पुरें झालेलें चर्च १४५३ मध्यें मशीद झालें, १९३५ मध्यें संग्रहालय म्हणून उघडलें, आणि २०२० मध्यें पुन्हां मशीद झालें. पहिल्या रूपांतरानंतर तेथील मानवाकृतींचीं चित्रें कालांतरानें चुन्यागिलाव्याखालीं गेलीं. १९३१ पासून थॉमस व्हिटेमोर या अमेरिकन संशोधकाच्या देखरेखीखालीं त्यांतील बरींच पुन्हां उजेडांत आलीं. म्हणजे ज्यांना या तत्त्वाचें नांवहि ठाऊक नव्हतें त्यांच्या हातून परतीची वाट राखली गेली होती! २०२० नंतर तर गिलाव्याचीहि गरज उरली नाहीं. वेदीस्थानावरील मेरीचें चित्र नमाजाच्या वेळीं झांकावें म्हणून तेथें पांढरे पडदे लाविले गेले. पडद्याहून अधिक परतविण्याजोगें जगांत दुसरें काय असेल? दोरी ओढली कीं काम झालें. तरी त्या वास्तूविषयीं जगभर जो वाद झाला, त्यांत या हलक्याशा पडद्यांनाच केवढें महत्त्व आलें. तो वाद योग्य कीं अयोग्य, हा येथें प्रश्न नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, दगड व खिळे यांवरून अर्थाचें माप निघत नाहीं.

मग माप कशानें काढावें? मला वाटतें, आमच्या साहित्यशास्त्रानें यासाठीं एक शब्द फार पूर्वींच तयार करून ठेविला आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें 'औचित्य' हें काव्याचें जीवित मानलें. अलंकार कितीहि मोलाचा असो, तो जेथें शोभतो तेथेंच अलंकार. कंबरपट्टा गळ्यांत घातला तर त्याच्या सोन्याचा कस वाढत नाहीं आणि घालणाऱ्याचें हसें होतें. तो कंबरपट्टा क्षणांत काढतां येतो, या सबबीनें तें हसें थांबत नाहीं. जुन्या वास्तूच्या नव्या उपयोगाला हीच कसोटी लावावी : जें आंत आणलें तें या जागेला, तिच्या प्रमाणाला, तिच्या स्मृतीला शोभतें काय?

या कसोटीला मास्ट्रिख्टचें फडताळ उतरतें, आणि त्याचीं कारणें निश्चितपणें सांगतां येतात. पहिलें म्हणजे ग्रंथ. ज्या साधुसंघानें अध्ययनाला उपासनेचा दर्जा दिला, ज्याच्या भिंतीवर एका महापंडिताचें चरित्र रंगविलें आहे, त्याच्या घरांत पुस्तकें परक्यासारखीं येत नाहींत. हीच जागा कापडाच्या वा पादत्राणांच्या दुकानाला दिली असती, आणि तेंहि असेंच स्वतःच्या पायांवर उभें केलें असतें, तर परतीची वाट तितकीच मोकळी राहिली असती. पण हें दुसऱ्याच्या घरांत मुक्काम ठोकल्यासारखें दिसलें असतें. कॅथॉलिक धर्मविधींच्या १९८३ च्या संहितेंतहि, उपासनेस निरुपयोगी झालेलें चर्च लौकिक कामाला द्यावयाचें झाल्यास तें काम हीन नसावें, अशी अट आहे. कायद्याची भाषा कोरडी असते. परंतु तिच्याखालीं औचित्याचीच जाणीव आहे.

दुसरें कारण रिकाम्या जागेचें. फडताळ एका बाजूला सरकवून दुसरी बाजू मोकळी सोडण्यांत विक्रीचा तोटा आहे, हें कोणीहि व्यापारी सांगेल. तो तोटा सोसल्यामुळेंच पाहणाऱ्याला तुलना करतां येते : या बाजूला पोलाद, त्या बाजूला दगड, येथें आजची उंची, तेथें तेराव्या शतकाची. दोन्ही बाजूंना फडताळें केलीं असतीं तर चर्च म्हणजे फडताळांमागची नुसती भिंत झालें असतें. जुन्यानव्यांची गांठ घालतांना नव्यानें जुन्याला बोलावयास अवसर द्यावा लागतो, तो येथें दिला आहे.

तिसरें कारण चढण्याचें आहे, आणि येथें लाभाबरोबर हानीहि मान्य केली पाहिजे. फडताळाच्या वरच्या मजल्यावर गेलेला माणूस छताच्या इतका जवळ येतो कीं, जमिनीवरून जीं चित्रें पुसट डागांसारखीं दिसत, त्यांच्या रेषा त्याला वाचतां येतात. शतकानुशतकें ज्या भाविकांनीं मान वर करून हें छत पाहिलें त्यांना हा योग आला नव्हता. परंतु मान वर करून पाहण्यालाहि एक अर्थ होता. जें दूर आहे तें दूर राहावें, अशीच बांधणाऱ्यांची योजना होती. आपण जिन्यानें चढून तें अंतर मोडलें. भक्ताचें जें गेलें तें अभ्यासकाला मिळालें, असा हा सौदा आहे. ज्या इमारतींत भक्त उरलेला नाहीं तेथें तो मला तोट्याचा वाटत नाहीं. पण तो सौदा आहे हें विसरूं नये.

तुलनेसाठीं दोन शेजारी घेऊं. त्याच देशांत झ्वोले या गांवीं डोमिनिकनांचेंच जुनें ब्रूरेन चर्च आहे. तेथें २०१३ मध्यें 'वान्डर्स' यांचें पुस्तकांचें दुकान सुरू झालें. रचनाकारांनीं बाजूच्या भागांत मजले चढविले, मध्यदालन मोकळें ठेविलें आणि जुना वाद्यऑर्गन जागेवर राहूं दिला. तेंहि सारें काढतां येण्याजोगेंच आहे. झ्वोलेचें काम अधिक विनयशील आहे. तेथें नवें जुन्याच्या कडेला अंग चोरून उभें राहतें. मास्ट्रिख्टचें काम अधिक धीट आहे. तेथें नवें आपण नवें असल्याचें मोठ्यानें सांगतें. पण श्लेषाचा मोह झ्वोलेनें टाळला, आणि म्हणून तें काम पाहतांना कोठें ठेंच लागत नाहीं. दुसरा शेजारी खुद्द मास्ट्रिख्टमधला. पंधराव्या शतकांतील क्रूसधारी साधूंच्या मठाचें व चर्चचें २००५ मध्यें एक उंची हॉटेल झालें. निजण्याच्या खोल्या बहुतेक मठाच्या भागांत आहेत, आणि चर्चच्या पोकळींत स्वतंत्र उभा केलेला माळा आहे, जेथें पाहुणे न्याहारी करतात. कारागिरी उत्तम, परतीची वाट राखलेली. तरी तेथें मनांत एक कांटा राहतो. पुस्तकांच्या दुकानांत कोणीहि, खिशांत दमडी नसतांना, आंत जाऊन तासभर उभा राहूं शकतो. हॉटेलचें दार तत्त्वतः उघडें असलें तरी तें पाहुण्यांसाठीं आहे. चर्च हें गांवांतील सर्वांचें घर होतें. नवा उपयोग तें सर्वांचें ठेवतो कीं कांहींचें करतो, हाहि औचित्याचाच प्रश्न आहे, आणि याचें उत्तर खिळे मोजून मिळत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, पुस्तकांचें दुकान तरी शेवटीं दुकानच. बाजाराची लाट आली कीं त्याचा काय भरंवसा? ही शंका कल्पित नाहीं, तिची परीक्षा होऊन चुकली आहे. २०१२ मध्यें सेलेक्सिझ साखळीचें दिवाळें निघालें; ती दुसऱ्या एका साखळींत मिसळून 'पोलारे' हें नवें नांव घेऊन उभी राहिली; आणि २०१४ च्या फेब्रुवारींत पोलारेचेंहि दिवाळें निघालें. दोन वर्षांत मालक दोनदां बुडाला. परतीच्या वाटेचें तत्त्व खरोखर उपयोगांत आणण्याचा क्षण असला तर तो हाच होता. फडताळ उतरवावें, पोलाद विकावें, चर्च पुन्हां रिकामें करावें. घडलें तें निराळेंच. दुकानांत काम करणारांनीं पुढाकार घेतला, वाचकांनीं वर्गणी घातली, आणि त्याच वर्षीं तें दुकान कोणत्याहि साखळीशिवाय, स्वतंत्रपणें, चर्चच्याच नांवानें पुन्हां चालूं झालें. आजहि तें चालूं आहे.

या घटनेनें मला परतीच्या वाटेविषयीं बरेंच शिकविलें. जें काढतां येण्याजोगें म्हणून बसविलें होतें, तें आठ वर्षांच्या आंत लोकांना काढूं नयेसें वाटूं लागलें. १३३७ चें भित्तिचित्र, १६१९ चें छत आणि एकविसाव्या शतकांतलें पोलाद हीं आतां त्या गांवच्या मनांत एकाच वास्तूचे थर झालीं आहेत. उद्यां कोणीं तें फडताळ उतरवूं म्हटलें तर विरोध करावयास हेच लोक पुढें येतील, आणि कदाचित् जुन्या वास्तूंच्या रक्षणाच्या नांवानेंच येतील. मांडव म्हणून घातलेलें घर होऊन बसलें. यांत वाईट कांहीं नाहीं. पण यावरून एवढें दिसतें कीं, परत फिरतां येणें हा खिळ्यांचा गुण असला तरी परत फिरावयाचें कीं नाहीं हें माणसांचें प्रेम ठरवितें. आणि प्रेम बसेल कीं नाहीं, हें आपण पहिल्या दिवशीं काय आणून ठेवतों यावर अवलंबून असतें.

म्हणून, जे लोक जुन्या चर्चांना आणि अशाच इतर वास्तूंना नवा संसार थाटून देण्याच्या उद्योगांत आहेत, त्यांना परतीची वाट राखा असें जरूर सांगावें. पुढच्या पिढीचा तो हक्कच आहे. परंतु ती वाट राखली आहे म्हणून वाटेल तें ठेवण्याची मुभा मिळाली, असें त्यांनीं समजूं नये. काम करणाऱ्यानें, हें सारें उद्यां निघेल, अशा तयारीनें तें बसवावें. पण तें कधींच निघणार नाहीं अशा जबाबदारीनें तें निवडावें. मास्ट्रिख्टच्या रचनाकारांनीं फडताळाच्या बाबतींत असा विचार केला. मेजाच्या बाबतींत तो केला असता, तर त्या वेदीच्या जागीं एक साधें चौकोनी मेज असतें, आणि त्यावर उघडलेलें पुस्तक कोणी निवांत वाचीत बसलेला दिसला असता. त्या साधूंच्या घरांत याहून शोभणारें दुसरें चिन्ह शोधण्याची गरज नव्हती.